मेंढीची कच्ची लोकर घरी कामाला लावताना: निवड, धुणं, पिंजणं आणि पुढचे उपयोग

बेळगाव जिल्ह्यात खानापूरपासून अथणीपर्यंत कुठंही सुगी उरकली की रिकाम्या रानात मेंढरं बसतात. कातरणीच्या दिवसांत वाड्यावर गेलं तर धनगर किंवा कुरुबर पोतंभर लोकर थोडक्या पैशात देतो. लोक हौसेनं ती घरी आणतात. मग बंबातलं कढत पाणी, त्यात मूठभर कपड्यांची पावडर, दोन्ही हातांनी घुसळण, आणि तासाभरात घमेल्यात एक घट्ट, राखाडी, वास मारणारा गोळा. तो ना उशीत भरता येतो, ना पिंजता येतो.

कच्च्या लोकरीचे उपयोग पुष्कळ आहेत. कुंडीतलं आच्छादन, उशी-बैठकीचं भरण, गरम भांड्याखालची चकती, चपलेतला तळ, भात मुरवायची पेटी. पण या प्रत्येकाला वेगळी लोकर लागते, आणि ती वेगळ्या पायरीपर्यंतच न्यावी लागते. आच्छादनाची लोकर धुणं म्हणजे फुकटची मेहनत. उशीची लोकर न धुता भरली तर पहिल्याच पावसाळ्यात वास आणि मागोमाग कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड. खाली दिलेला क्रम त्यासाठीच आहे.

## तयारी: पोतं आणण्याआधी

सामान साधं आहे, पण ते आधी जमवा. एकदा लोकर भिजली की मधेच उठून रिठे शोधायला जाता येत नाही.

दोन मोठी घमेली किंवा टब. कांद्याच्या जाळीच्या चार-पाच पिशव्या, नाहीतर जुन्या मच्छरदाणीच्या शिवलेल्या. रिठे: किलोभर लोकरीला शंभरेक ग्रॅम, बिया काढून. बेळगावात रविवार पेठेकडं काष्ठौषधीच्या दुकानात ते मिळतात, तुरटीही तिथंच घ्या. जुनी साडी किंवा तरट खाली पसरायला. सुंभाची बाज असेल तर वाळवणीला तिच्याइतकं चांगलं काही नाही. तोंडाला बांधायला फडकं आणि रबरी हातमोजे. वजनकाटा स्वयंपाकघरातला चालतो.

काळ कोणता हेही आधी ठरवा. जून ते सप्टेंबर हे काम हातात घेऊ नका, खानापूरकडं तर अजिबात नाही. ओली लोकर चार दिवसांत वाळली नाही तर आंबट वास धरते आणि तो वास पुढं जात नाही. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर हवा कोरडी असते, तेव्हा करा.

## टप्पा १: वाड्यावर विचारायच्या गोष्टी

पहिली गोष्ट, मेंढी कोणती? आपल्याकडची लोकर मुख्यतः दख्खनी मेंढीची. रंग बहुधा काळा किंवा करडा, तंतू राठ, मधेमधे जाड ताठ केस. एका मेंढीची वर्षाची लोकर साधारण अर्धा-पाऊण किलोच्या घरात, त्यामुळं एका मेंढीवर उशी होईल असा हिशेब धरू नका. अथणीला लागून जत तालुका आहे आणि तिकडची माडग्याळ जात आता सगळीकडं फिरते. ती मटणासाठी चांगली, पण तिच्या अंगावर लोकर कमी आणि केस जास्त. ते केस एकमेकांत गुंतत नाहीत. भरणाला आणि आच्छादनाला चालतील, जेन किंवा नमदा, म्हणजे ओली लोकर घासून-दाबून केलेली घट्ट चादर, बसवायचा असेल तर घेऊ नका.

दुसरी गोष्ट, जावळ आहे का? कोकराची पहिली कातरण म्हणजे जावळ. ती मऊ असते, तंतू बारीक असतो. वेगळी मिळाली तर दोन पैसे जास्त देऊन वेगळ्या पिशवीत घ्या. चकतीचा किंवा तळव्याचा वरचा थर याच लोकरीचा हवा.

तिसरी गोष्ट, आणि ही विचारायला लोक लाजतात: गोचीड-खरजेचं औषध कधी लावलं? मेंढरांना औषधाच्या पाण्यात बुडवतात किंवा पाठीवर औषध ओततात. ते कीटकनाशक असतं आणि लोकरीत राहतं. गेल्या दोन-तीन महिन्यांत लावलं असेल तर ती लोकर घरात आणू नका, भाजीच्या वाफ्यात तर मुळीच नको. मेंढका सरळ सांगतो, विचारलं की झालं.

सावधान: मेलेल्या मेंढीची लोकर कितीही चांगली दिसली तरी घेऊ नये. मेंढरांना फाशी नावाचा रोग होतो, त्याचे जंतू लोकरीत आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतात आणि धुळीबरोबर माणसाच्या फुप्फुसात जातात. जिवंत, धडधाकट जनावराचीच कातरण घ्या.

तपासा: चिमूटभर बट दोन्ही टोकांना धरून कानाजवळ झटका देऊन ताणा. नुसता टणक आवाज आला तर तंतू मजबूत. चरचर आवाज येऊन बट मधेच तुटली, तर मेंढी आजारी पडली असेल किंवा उपाशी राहिली असेल; त्या काळात वाढलेला तंतू कच्चा निघतो. ती लोकर फक्त आच्छादनाला.

## टप्पा २: कोरडी निवड

निम्मं काम इथंच होतं आणि नेमका हाच टप्पा सगळे गाळतात.

अंगणात किंवा गच्चीवर तरट पसरा, तोंडाला फडकं बांधा आणि लोकर मूठमूठ घेऊन चार ढीग करा.

पहिला ढीग घाणीचा: शेपटीकडची, पोटाखालची, पायाची लोकर. लेंड्या चिकटलेल्या, मूत लागून पिवळी पडलेली. ही कितीही धुतली तरी पिवळीच राहते. बाजूला टाका, आच्छादनाला आणि खताला हीच सर्वांत चांगली.

दुसरा ढीग काड्या-कुसळांचा. पावसाळ्यानंतरच्या कातरणीत गोखरू, आघाड्याचं बी, गवताची कुसळं इतकी असतात की कधी कधी लोकरीपेक्षा तीच जास्त वाटतात. थोडी असतील तर हातानं वेचा. एका मुठीला पाच मिनिटांच्या वर लागत असतील तर तीही पहिल्या ढिगात. धुताना कुसळं निघतील या आशेवर राहू नका. ओली झाली की ती आणखी खोल रुततात आणि पुढं उशीतून टोचत राहतात.

तिसरा ढीग राठ, लांब, स्वच्छ लोकरीचा. हा भरणाचा. चौथा पाठ-खांद्यावरच्या बारीक लोकरीचा आणि जावळाचा. हा जेनचा.

याच वेळी कातरताना दुसऱ्यांदा कातर फिरल्यामुळं निघालेले बोटाच्या पेराएवढे तुकडे दिसतील. ते वेचून टाका. पिंजताना त्यांच्याच गाठी होतात आणि मग माणूस पिंजणीला शिव्या देतो.

निवडलेली लोकर जुन्या चाळणीवर किंवा बाजेवर टाकून काठीनं हलकं झोडपा. माती खाली गळेल. जितकी माती कोरडी गेली तितकं पाणी वाचतं, आणि एप्रिलात बेळगावात पाण्याची काय कथा असते ते सांगायला नको.

तपासा: चौथ्या ढिगातली मूठभर लोकर डोळे मिटून दाबा. बोटांना काही टोचलं तर अजून वेचायचं राहिलंय.

## टप्पा ३: थंड पाण्यात रात्रभर

लोकर सैल सैल जाळीच्या पिशवीत भरा. एका पिशवीत पाव ते अर्धा किलो, त्याहून जास्त नको. ठासून भरली तर मधली तशीच मळकी राहते.

टबात साधं गार पाणी घ्या, पिशवी वर ठेवा आणि ती आपसूक बुडू द्या. लोकरीला मेद असतो, त्यामुळं पहिली पाच-दहा मिनिटं ती तरंगते. तळव्यानं हलकं दाबलं की खाली जाते. साबण नको, ढवळणं नको. रात्रभर ठेवा.

सकाळी पाणी गढूळ तपकिरी झालेलं असेल. माती आणि मेंढीच्या वाळलेल्या घामातले क्षार त्यात उतरतात. या क्षारांत पालाश भरपूर असतं, म्हणून हे पाणी मोरीत ओतू नका. एका भागाला दहा भाग साधं पाणी मिसळून जास्वंद, केळी, कढीपत्ता यांच्या मुळाशी घाला. वास येतो, तेव्हा संध्याकाळी घाला आणि शेजाऱ्यांची खिडकी कुठल्या बाजूला आहे ते बघून घाला.

पाणी फारच काळं असेल तर हीच पायरी पुन्हा एकदा.

## टप्पा ४: ऊन पाण्यात धुणं

लोकर बिघडते ती इथं, आणि त्याचं कारण एकदा समजलं की पुढं चूक होत नाही. लोकरीच्या तंतूवर मासळीसारखे खवले असतात. ऊब, ओल आणि घासणं ही तिन्ही एकत्र आली की खवले उघडतात, तंतू एकमेकांत सरकतात आणि अडकतात. अडकले की अडकले, पुन्हा सुटत नाहीत. जेन बसवताना हेच आपल्याला हवं असतं; धुताना नको असतं. तेव्हा ऊब ठेवा, ओल ठेवा, घासणं टाळा.

१. आदल्या दिवशी शंभर ग्रॅम रिठे दोन लिटर पाण्यात भिजवून, सकाळी पंधरा-वीस मिनिटं उकळून, गाळून ठेवा. हा काढा किलोभर लोकरीचा.

२. टबात पाणी घ्या, अर्ध्या किलोला पंधरा लिटर तरी. पाणी ४५ ते ५० अंश. थर्मामीटर नसेल तर हात बुडवा: सहन व्हावं, पण फार वेळ ठेवावासा वाटू नये. आपल्या दख्खनी लोकरीत मेद कमी असतो, म्हणून एवढी ऊब पुरते. मेरिनोसारख्या तेलकट लोकरीला ६० अंश तरी लागतात. इंटरनेटवरची कृती वाचून लोक इथं कढत पाणी ओततात ते याच घोटाळ्यामुळं.

३. पाण्यात निम्म्याहून थोडा जास्त काढा मिसळा. आधी पाणी, मग काढा, शेवटी लोकर. लोकरीवर वरून पाण्याची धार कधीही सोडू नका. धार म्हणजेही घासणंच.

४. पिशवी अलगद बुडवा. पंधरा मिनिटं ठेवा. मधे दोन-तीनदा तळव्यानं खाली दाबून सोडा, बस. पिळणं नाही, चोळणं नाही, फिरवणं नाही.

५. पाणी कोमट होण्याआधी पिशवी उचला. हे फार महत्त्वाचं. मेद चाळीस अंशांच्या आसपास वितळतो. पाणी निवलं की तोच मेद पुन्हा थिजून लोकरीवर बसतो, आणि सुकल्यावर लोकर चिकट लागते. उचलून दोन मिनिटं निथळू द्या.

६. तेवढ्याच ऊन पाण्यात उरलेला काढा घालून पुन्हा एकदा.

७. आता दोन साधी पाणी, काढा न घालता. पहिलं तितकंच ऊन, दुसरं थोडं कमी. ऊन पाण्यातून काढून एकदम नळाखाली धरली की लोकर आकसते.

रिठे नकोच असतील तर भांडी घासायचं पातळ साबणही चालतं, दोन चमचे पुरेत. मग शेवटच्या पाण्यात दोन चमचे व्हिनेगर घाला. कपड्यांची पावडर, धुण्याचा सोडा, खार हे टाळा. लोकर म्हणजे केसासारखंच प्रथिन, आणि क्षारात ते सडतं. बोअरच्या जड पाण्यात वडीचा साबण वापरला तर पांढरा चिकट थर बसतो, तोही निघत नाही.

सावधान: ब्लीचिंग पावडर किंवा फरशी-कपड्यांचं ब्लीच लोकरीला लावू नका. पांढरी करायच्या नादात ब्लीचमध्ये टाकलेली लोकर अक्षरशः विरघळते.

तपासा: ओली बट दोन बोटांत चोळा. चिकट लागली तर आणखी एक ऊन पाणी. काळ्या लोकरीच्या पाण्याला शेवटपर्यंत थोडा रंग दिसतो, त्याच्यामागं लागू नका. पांढऱ्या लोकरीचं पाणी मात्र स्वच्छ निघायला हवं.

## टप्पा ५: निथळणं आणि वाळवणं

पिशवी न उघडता जुन्या टॉवेलात गुंडाळून त्यावर उभं राहा. निम्मं पाणी उतरतं. वॉशिंग मशिनच्या नुसत्या सुकवणीच्या भांड्यात मिनिटभर फिरवलेलंही चालतं. धुण्याच्या भांड्यात मात्र कधी नाही.

मग लोकर पिशवीतून काढून हातानं सैल करत बाजेवर पसरा. सावली आणि वारा. बाज नसेल तर दोन खुर्च्यांमध्ये मच्छरदाणीचं कापड ताणून बांधा. खालून हवा लागली पाहिजे. दिवसातून दोनदा उलटी-पालटी करा. हिवाळ्यात दोन-तीन दिवस लागतात.

वरून कोरडी वाटली तरी लगेच पोत्यात भरू नका. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा ओल शोषून घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. म्हणून वजन करा, दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. दोन्ही वजनं सारखी आली तरच ती वाळली. मूळ वजनाच्या पाव हिस्सा तरी गेलेला दिसेल. ते माती आणि मेदाचं होतं, लोकर हरवलेली नाही.

## टप्पा ६: उकलणं आणि पिंजणं

आधी बोटांनी प्रत्येक बट दोन बाजूंना ओढून मोकळी करायची. टीव्ही बघत करायचं काम आहे हे. घाई करून न उकललेली लोकर थेट पिंजायला घेतली तर गाठी घट्ट होतात.

पिंजणारा कारागीर जवळपास असेल तर त्याच्याकडं द्या, कमानीवर पिंजलेल्या लोकरीची सर घरच्या पिंजणीला येत नाही. पण कापूस पिंजायच्या यंत्रावर लोकर घ्यायला पिंजारी सहसा नाखूश असतो, त्याला आधी विचारा. घरी करायचं तर कुत्र्याचे केस विंचरायचे तारेचे दोन ब्रश घ्या. एकावर लोकर पातळ लावा, दुसऱ्यानं एकाच दिशेनं वरचेवर ओढा. तारा एकमेकींत घुसवू नका, नुसती टोकं लागली पाहिजेत. चार-सहा हातांत पातळ पापुद्रा निघतो.

भरणासाठी पिंजायची गरज नाही, उकलणं पुरतं. जेनसाठी पिंजलीच पाहिजे.

## टप्पा ७: आता वापरा

### कुंड्या आणि परडं

पहिला-दुसरा ढीग इथं, न धुता. लोकर कुजायला फार वेळ घेते, सहा महिने ते वर्षाहूनही जास्त. पण कुजताना नत्र आणि गंधक हळूहळू सोडते, आणि तोवर माती ओली धरून ठेवते. मार्च-एप्रिलात गच्चीवरच्या टोमॅटो-मिरचीला हे आच्छादन चांगलं.

एक चूक ठरलेली: कोरडी लोकर पसरायची आणि वरून पाणी घालायचं. मेदामुळं पाणी घरंगळून कुंडीबाहेर जातं. आधी बादलीत तासभर भिजवा, पिळा, मग दोन-तीन बोटं जाडीचा थर द्या. खोडापासून चार बोटं लांब ठेवा, नाहीतर खोड कुजतं. थरावर मूठ-दोन मूठ माती टाका. तशीच उघडी ठेवली तर पक्षी घरट्यासाठी उचलून नेतात. त्यांना नेऊ द्यायची की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा.

शेणखताच्या खड्ड्यात टाकायची असेल तर उकलून पातळ थर. गोळा टाकला तर वर्षानं गोळाच निघतो.

### उशी, बैठक, पाठीचं लोड

तिसरा ढीग. आतली खोळ घट्ट विणीच्या जाड कापडाची आणि दुहेरी करा, कारण राठ केस साध्या मांजरपाटातून बाहेर डोकावतात. ४० सेंटिमीटर चौरस बैठकीला अर्धा ते पाऊण किलो लोकर लागते. कोपऱ्यांत आधी भरा, मधे शेवटी. शिवून झाल्यावर दाभणानं आरपार पाच-सात टाके घेतलेच पाहिजेत. न घेतलेली बैठक महिनाभरात एका बाजूला ढिगळते.

झोपायच्या उशीला दख्खनी लोकर मला पटत नाही. कडक बसते. बसायला आणि टेकायला मात्र कापसापेक्षा उजवी, दबली तरी पुन्हा उभारते. सहा महिन्यांनी उसवून उन्हात टाका, काठीनं झोडपा, पुन्हा भरा. अगदी लहान बाळाच्या अंथरुणात भरू नका.

### जेन: चकती आणि चपलेतला तळ

चौथा ढीग, पिंजलेला. २५ सेंटिमीटर चौरस चकती हवी असेल तर मांडणी ३८-४० सेंटिमीटरची करा. लोकर आकसते आणि ती सगळ्या बाजूंनी आकसते. ऐंशी ग्रॅमच्या आसपास लोकर पुरते.

१. सुतळीनं विणलेली काड्यांची चटई पसरा, तिच्यावर पातळ सुती कापड.

२. पहिला पापुद्रा उभा, दुसरा आडवा, तिसरा उभा, चौथा आडवा. जाडी सगळीकडं सारखी. उजेडासमोर धरता येत नाही, म्हणून तळवा फिरवून बघा. खळगा लागेल तिथं चिमूटभर ठेवा. वरचा आणि खालचा थर जावळाचा.

३. वरून दुसरं कापड. आता साबणाचं ऊन पाणी शिंपडा. इथं वडीचा साबण चालतो, उलट बराच. लोकर भिजली पाहिजे, पोहायला लागता कामा नये.

४. तळव्यानं हलकं दाबत, मधून कडेकडं, पाच मिनिटं. मग वर्तुळाकार घासा, जोर हळूहळू वाढवा. पहिल्या मिनिटालाच जोर लावला तर थर सरकतात आणि मधे भोक पडतं.

५. तपासा: कापड उचलून वरचा पापुद्रा चिमटीत धरून ओढा. नुसते तंतू सुटून आले तर आणखी घासा. पूर्ण चादरच उचलली तर पुढं जा.

६. चटईसकट घट्ट गुंडाळा, लाटण्यागत शंभरेकदा पुढं-मागं लोटा. उघडा, पाव वळण फिरवा, पुन्हा. चारही बाजू झाल्याशिवाय थांबू नका. एकाच दिशेनं लोटलेली चकती लांबुळकी होते.

७. आता ऊन पाण्यात बुडवा, पिळा, फरशीवर आपटा, गार पाण्यात बुडवा, पुन्हा आपटा. आठ-दहा वेळा. आधी जे जे टाळलं ते सगळं आता करायचं. हवा तो आकार आला की साबण पूर्ण जाईपर्यंत धुवा, शेवटच्या पाण्यात व्हिनेगर घाला, कडा ओढून सरळ करा आणि सपाट वाळवा.

दख्खनी लोकर बसायला वेळ लावते. अर्ध्या तासात काही झालं नाही म्हणून सोडून देऊ नका, तास-सव्वातास लागतो. तासभरानंतरही थर सुटेच राहिले तर लोकरीत केस जास्त आहेत. तिसरा हिस्सा जावळ मिसळून पुन्हा करा.

चपलेचा तळ कापताना पायापेक्षा बोटभर मोठा कापा, वापरात तो आणखी दबतो आणि थोडा आटतो. चकतीवर आमटीचं पातेलं, कुकर, चहाचं भांडं खुशाल ठेवा, लोकर वितळत नाही. फोडणीची लाल तापलेली लोखंडी कढई मात्र नको, खाली जळका डाग पडतो.

### भात मुरवायची पेटी

खोल बुट्टी किंवा पुठ्ठ्याचं खोकं घ्या. तळाशी चार बोटं धुतलेली लोकर, मधे पातेलं मावेल एवढा खळगा, बाजूंना ठासून लोकर, वर लोकरीनं भरलेली जाड गादी. लोकर कापडाच्या पिशव्यांत भरलेली हवी, नाहीतर ताटात केस येतात.

भाताला पूर्ण उकळी, झाकण लावून चार-पाच मिनिटं मंद आचेवर, मग न उघडता थेट पेटीत. पाऊण तासात भात होतो. भिजवलेल्या मुगा-मटकीला दहा मिनिटं उकळी आणि तास-दीड तास पेटी. पातेलं निम्म्याहून जास्त भरलेलं असावं, रिकाम्या भांड्यात उष्णता टिकत नाही. मधे झाकण काढून बघायचा मोह झाला तर पुन्हा उकळी आणावी लागेल.

सावधान: पेटीतलं अन्न तीन-साडेतीन तासांत खा. रात्रभर कोमट राहिलेला भात किंवा मटण खाऊ नये. ६० अंशांच्या खाली जंतू वाढायला लागतात. राजमा पेटीत शिजवू नका, त्याला पूर्ण वेळ खळखळ उकळी लागते.

डिसेंबर-जानेवारीत बेळगावच्या थंडीत विरजण लागत नाही. त्याच पेटीत कोमट दुधाला विरजण लावून ठेवलं की सकाळी दही घट्ट.

### रंगवायची असेल तर

काळ्या लोकरीवर रंग दिसत नाही, प्रयत्न सोडा. पांढरी असेल तर अर्ध्या किलोला ६० ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात लोकर तासभर ठेवा. मग दसरा-दिवाळीच्या माळांतला वाळलेला झेंडू, लोकरीच्या वजनाइतका तरी, उकळून गाळून त्या पाण्यात. पिवळा छान येतो, डाळिंबाच्या सालीचा जरा मळकट पिवळा. पाणी खदखदू देऊ नका, वाफ निघत राहील एवढंच तापवा. आणि ढवळू नका, का ते वर आलंच आहे.

## टप्पा ८: साठवण

कसरीची अळी लोकर खाते, आणि तिला मळकी, घामट लोकर जास्त आवडते. धुतलेली, पूर्ण वाळलेली लोकर सुती पिशवीत, आणि ती पिशवी झाकणाच्या डब्यात. ओल असेल तर प्लास्टिकमध्ये बंद करू नका, बुरशी येते. कडुनिंबाचा पाला ठेवतात, ठेवा, पण नुसत्या त्याच्या भरवशावर राहू नका. खरा उपाय म्हणजे महिन्यातून एकदा डबा उघडून लोकर उन्हात झटकणं. अळ्या अंधारात, न हललेल्या जागी वाढतात.

कसर दिसलीच तर ती पिशवी प्लास्टिकमध्ये बांधून डीप फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवा, मग उन्हात झटका. डांबरगोळ्या झोपायच्या खोलीत नकोत.

## घरातल्या घोंगडीचं काय?

हा प्रश्न नेहमी येतो. माघात चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेतून घोंगडी आणली, धुऊ का? नवी घोंगडी धुऊ नका. तिला चिंचोक्याची खळ दिलेली असते, म्हणून ती कडक लागते. वापरानं आपोआप मऊ होते. धुतली तर खळ ठिकठिकाणी निघते आणि घोंगडी लुळी, वेडीवाकडी होते. मात्र खळीचा वास उंदीर-झुरळांना ओढतो, तेव्हा पहिली दोन वर्षं ती ट्रंकेत न ठेवता वापरात ठेवा.

घेताना खरी लोकर की भेसळ, ते बघायला कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरून पेटवा. लोकर नीट पेटत नाही, ज्योत काढली की विझते, केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. धागा वितळून कडक काळा मणी झाला तर आत कृत्रिम सूत आहे.

जुनी घोंगडी वर्षातून एकदा, गार पाण्यात रिठ्याचा काढा घालून, पायानं न तुडवता नुसती बुडवून काढा. दोरीवर एका टोकानं टांगू नका, ओल्या वजनानं ती लांबते. कट्ट्यावर किंवा दोन दोऱ्यांवर आडवी पसरा.

अगदीच विरलेली असेल तर कापून वापरा: पायपुसणं, चपलेचे तळ, पेटीचं झाकण, इस्त्रीच्या टेबलावरचा थर. कापण्याआधी कापायच्या रेषेच्या दोन्ही बाजूंनी मशिनवर दोन-दोन टीप मारा आणि मग मधून कात्री चालवा. आधी कापून मग टीप मारायला गेलात तर हातातच उसवत जाईल.